जुन्या गाडीला कीलेस आणि पुश स्टार्ट: तयार किट घ्यावं की स्वतः बांधावं?

कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाडीला कीलेस करायचं म्हटलं की खरे पर्याय दोनच उरतात. एक म्हणजे तयार पीकेई (पॅसिव्ह कीलेस एंट्री) किट, रिमोट खिशात ठेवून जवळ गेलं की दारं उघडतात आणि ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं की सेल्फ लागतो. दुसरा म्हणजे आर्डुइनो नाहीतर ईएसपी३२ असा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड, एक आरएफआयडी रीडर (जवळ धरलेला छोटा टॅग रेडिओ लहरींनी ओळखणारा), चार-पाच रिले (विजेवर चालणारे स्विच) आणि बटण घेऊन सगळं स्वतः जुळवायचं. नव्या गाडीतून काढलेली कंपनीची सिस्टिम बसवायचा विचार असेल तर माझ्या मते सोडून द्या, त्यातली मॉड्यूल्स एकमेकांशी पेअर केलेली असतात आणि बाकीची गाडी कॅन बसवर (मॉड्यूल्स एकमेकांशी बोलतात त्या वायरींवर) सापडली नाही तर रुसून बसतात. पहिले दोन्ही प्रकार मी वापरलेत, आधी किट आणि आता स्वतः बांधलेलं.

किट वाईट नाही, हे आधी सांगतो. वायरिंग हार्नेस तयार येतो, एसीसी (रेडिओसारख्या अ‍ॅक्सेसरीजची लाइन), इग्निशन आणि स्टार्टच्या वायरी इग्निशन स्विचच्या मागे नीट ओळखून जोडल्या की बरंचसं काम उरकतं, शिवाय रिमोटला बटणंही असतात. रोज गाडी चालवणाऱ्याला, हातात सामान घेऊन दारापाशी येणाऱ्याला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. सोल्डरिंगचा कंटाळा असेल तर पुढचं वाचायचीही फारशी गरज नाही. फक्त गाडी सहा व्होल्टची किंवा पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेली) असेल, १९६७ च्या आधीच्या एमजीबीसारखी, तर साधं किट सरळ लागणार नाही, ते बारा व्होल्ट निगेटिव्ह अर्थ धरूनच बनवलेलं असतं.

पण मला त्या किटने वात आणला तो लॉकने. जुनी गाडी ठेवणारा माणूस गाडीत कमी बसतो, गाडीभोवती जास्त फिरतो. प्लग बघ, पॉइंट्सचा गॅप बघ, क्रोम पूस, आणि हे सगळं करताना रिमोट खिशातच. पुढच्या बंपरपाशी गेलं की रेंज सुटते आणि खटाक, चारही दारं लॉक, इंडिकेटर दोनदा मिचकावतात. पान्हा घ्यायला दाराकडे आलं की परत खटाक, अनलॉक. मधेच कुठेतरी अशी जागा सापडते की तिथे नुसतं या पायावरून त्या पायावर झालं तरी लॉक-अनलॉक चालू राहतं.

नुसता आवाजच असता तर सहन केलं असतं. पण या दारांना मुळात सेंट्रल लॉक नव्हतंच, नंतर बसवलेला अ‍ॅक्च्युएटर (लॉक हलवणारी छोटी मोटर) एका बारीक सळईने आणि दोन स्क्रूच्या क्लॅम्पने जुन्या लॉकच्या रॉडला धरलेला असतो. प्रत्येक झटक्याला तो क्लॅम्प केसभर सरकतो. असं होत होत मागचं एक दार अर्धवट लॉक व्हायला लागलं, बाहेरून बघितलं तर खुंटी खाली गेलेली, पण हँडल ओढलं की दार उघडतंय. मग दाराचं पॅनल काढायचं, आणि जुन्या पॅनलच्या क्लिपा काढताना तुटल्या तर तशाच परत मिळवणं किती अवघड ते तुम्हाला माहितीच आहे. रिमोट लांब नेऊन ठेवायचा तर मग कीलेस कशाला केलं. काही किटमध्ये जवळ गेल्यावर आपोआप उघडणं बंद करता येतं म्हणतात, माझ्यात ती सोय नव्हती.

आताच्या सिस्टिममध्ये रीडर मागच्या छोट्या काचेच्या आत चिकटवलाय. पत्रा आडवा आला तर टॅग वाचता येत नाही, काचेतून मात्र व्यवस्थित वाचला जातो. टॅग काचेला अगदी जवळ धरला तरच दार उघडतं, परत धरला तर बंद होतं, आणि मी काही केलं नाही तर गाडीही काही करत नाही. वर टॅगमध्ये सेलच नसतो, त्यामुळे रिमोटचा सेल संपला म्हणून बाहेर उभं राहायची वेळ येत नाही.

सेल्फच्या बाबतीतही मला हेच बरं वाटलं. माझं किट बटण दाबल्यावर दोनेक सेकंद सेल्फ मारायचं आणि सोडून द्यायचं. इंजेक्शनच्या गाडीला तेवढं पुरतं, पण बरेच दिवस उभ्या असलेल्या कार्ब्युरेटरच्या गाडीत फ्लोट बोलमधलं (कार्ब्युरेटरच्या छोट्या वाटीतलं) पेट्रोल उडून गेलेलं असतं आणि मेकॅनिकल पंप ते परत भरेपर्यंत जास्त वेळ मारावं लागतं, चोक ओढून आणि कानाने ऐकत. स्वतः बांधताना मी बटण दाबून धरलंय तोवर सेल्फ, सोडलं की बंद, एवढंच ठेवलं.

आता स्वतः बांधण्यातली जोखीम, कारण ती खरी आहे. सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेज दाणकन खाली येतं आणि त्यात बोर्ड रीसेट होऊ शकतो. इग्निशन त्या बोर्डाच्या पिनवर टिकून असेल तर चालत्या गाडीत रीसेट झाल्यावर इंजिन रस्त्यातच बंद, आणि ब्रेकला सर्वो (इंजिनच्या व्हॅक्यूमवर ब्रेक हलका करणारा) असेल तर दोन-तीनदा दाबल्यावर त्याची मदतही संपते. म्हणून इग्निशनचा रिले स्वतःच्याच कॉन्टॅक्टवर लॅच होईल (एकदा लागला की स्वतःच लागून राहील) असा जोडा, बोर्डाने फक्त चालू-बंदचा इशारा द्यायचा. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड, सेल्फच्या सोलेनॉइडसाठी (सेल्फला करंट जोडणाऱ्या जाड स्विचसाठी) वेगळा दणकट रिले, आणि न्यूट्रल किंवा क्लचचा स्विच सेल्फच्या लाइनमध्ये. हे जमणार नसेल तर किटच घ्या, मनापासून सांगतोय.

चोरीचं म्हणाल तर दोन्हीकडे भोकं आहेत. खिशातल्या रिमोटचा सिग्नल लांबवून गाडी उघडता येते हे झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेल्सवर दाखवलं होतं, आणि त्या तर कंपनीच्या सिस्टिम होत्या. आरएफआयडीत नुसता टॅगचा नंबर तपासला तर तो सहज कॉपी होतो, डेसफायरसारखा एन्क्रिप्शनवाला टॅग घ्या. मी एक लपवलेला स्विचही ठेवलाय.

बॅटरीचंही बघा. उभ्या गाडीत सतत वीस मिलीअँप जात असतील तर दिवसाला अर्धा अँपिअर-अवर, महिन्यात चौदा-पंधरा. किटचा अँटेना सारखा हाका मारत असतो, त्याला झोपवणं आपल्या हातात नाही. रीडरही सतत चालू ठेवला तर तेवढंच खातो, पण तो एका छोट्या बटणाने जागा करता येतो.

यातलं काहीही केलंत तरी दाराचं किल्लीचं कुलूप काढू नका, बॅटरी कट-ऑफ केल्यावर आत शिरायला तेच लागतं. आणि स्टिअरिंग लॉक असेल तर आधी त्याचा विचार करा, बटणाने तो सुटत नाही. माझ्या गाडीत मूळ इग्निशन स्विच तसाच आहे, किल्ली फिरवून लॉक सोडायचा आणि मग बटण. पूर्ण किल्लीशिवायच हवं असेल तर लॉकची खिट्टी कायमची काढावी लागेल, अर्धवट अडकवून ठेवलेली खिट्टी वळणावर बसली तर स्टिअरिंग हलणार नाही.