हानाचा रस्ता: शेवटपर्यंत जायचं की केआनेवरून परतायचं?

हवाईतल्या माऊई बेटाचं तिकीट काढलं की पाठोपाठ बेटाच्या पूर्व टोकाच्या हाना गावाकडे जाणाऱ्या वळणावळणाच्या रस्त्याचा विषय निघतो. कॅलिफोर्नियातली मराठी मंडळी पुष्कळदा भारतातून आलेल्या आई-बाबांना आणि पोरांना घेऊन हा बेत आखतात, म्हणून त्याच गाडीभर माणसांचा विचार करून सांगते.

विमानतळाच्या काहुलुई गावापासून हाना सुमारे ८४ किलोमीटर. अंतर किरकोळ वाटतं, पण वळणं सहाशेच्या वर आणि पूल ५९, त्यातले ४६ एकेरी. कुठेही न थांबता एका बाजूला अडीच-तीन तास लागतात. खरी वळणं ३६० क्रमांकाचा रस्ता लागल्यावर सुरू होतात. तिथून मैल पुन्हा शून्यापासून मोजतात. वाटेतलं केआने गाव साधारण सतराव्या मैलाला, हाना चौतिसाव्याच्या आसपास. म्हणजे केआनेवरून मागे फिरलात की वळणं निम्मी. आंबेनळी घाटात ज्यांना गाडी लागते, त्यांच्यासाठी निर्णय इथेच झाला. आलेपाक किती पुरवणार?

शिवाय केआने म्हणजे अर्धवट सोडलेली सहल अजिबात वाटत नाही. मुख्य रस्ता सोडून खाली उतरलं की लाव्हाने समुद्रात शिरून तयार झालेली सपाट जमीन लागते आणि तिच्यावर पाण्याने भरलेली अळूची खाचरं. आपण पानांचं फदफदं करतो. इथले लोक कंद शिजवून, कुटून पोई नावाची लापशी करतात. माझ्या सासूबाई तर धबधब्यांपेक्षा या खाचरांपाशीच जास्त रमल्या. शेतं खाजगी आहेत, बांधावर चढू नका. १९४६ च्या त्सुनामीत हे गाव वाहून गेलं, १८६० चं दगडी चर्च तेवढं उभं राहिलं. काळ्या खडकांवर लाटा अशा आदळतात की पाण्यात उतरायचा प्रश्नच नाही, पण गरम केळ्याचा ब्रेड हातात घेऊन बघत बसायला जागा झकास. जाताना बाराव्या मैलाच्या सुमारास काउमाहिनाला स्वच्छतागृह आहे. आजी-आजोबा सोबत असतील तर ही माहिती कुठल्याही धबधब्याहून मोलाची.

हानाची बाजू घ्यायची तर वाईआनापानापाचा काळ्या वाळूचा किनारा खरोखर देखणा आहे. मात्र हवाईबाहेरून येणाऱ्यांना आधी वेळ आरक्षित करावी लागते. आरक्षण ३० दिवस आधी खुलं होतं, त्याच दिवशी मिळत नाही. माणशी ५ डॉलर, गाडीचे १० वेगळे. घड्याळाला बांधलेली ही वेळ गाठताना वाटेतले निम्मे थांबे गाळले जातात, हे नकाशा बघताना लक्षात येत नाही.

हानाच्या पुढे साधारण १६ किलोमीटरवर किपाहुलू, हालेआकाला राष्ट्रीय उद्यानाचा समुद्राकडचा भाग. तिथली पिपीवाई पायवाट बांबूच्या बनातून वाइमोकू धबधब्यापर्यंत जाते, जाऊन-येऊन साडेसहा किलोमीटर. कॉलेजातली मुलं असतील आणि पहाटे निघायची तयारी असेल, तर एवढ्यासाठी पूर्ण रस्ता करावा. प्रवेशाचे गाडीमागे ३० डॉलर लागतात; तीच पावती तीन दिवस उद्यानातल्या हालेआकाला ज्वालामुखीच्या शिखरावरही चालते. पण मग हानाला एक रात्र राहा. एका दिवसात दोन्ही बाजूंची वळणं आणि वर ही चाल म्हणजे परतीला गाडीत कोणी कोणाशी बोलत नाही.

तिसरी वाट टूर व्हॅनची. गाडी चालवणाऱ्याला या रस्त्यावर समोरच्या वळणापलीकडे काही दिसत नाही, तेव्हा घरात चालवणारा एकच असेल तर व्हॅनचे जास्तीचे पैसे वसूल होतात. दिवस मात्र दहा-बारा तासांचा, आणि चार वर्षांच्या मुलाला मध्येच ‘थांबा’ म्हणता येत नाही. लहान मुलं असताना मी तरी व्हॅन घेणार नाही.

स्वतःची गाडी नेणार असाल तर सुरुवातीच्या पाईया गावात टाकी भरा. पुढे थेट हानापर्यंत पंप नाही. मागे स्थानिकांची गाडी दिसली की बाजूला घेऊन तिला जाऊ द्या, त्यांचा तो रोजचा रस्ता आहे. पार्किंग मनाई असलेल्या जागी गाडी लावली तर दोनशे डॉलरच्या वर दंड बसतो. आणि वर डोंगरात पाऊस दिसत असेल, तर ओढ्यात पोरांना उतरवू नका. खाली ऊन असतानाही पाणी अचानक चढतं.