‘लेनिन’ लावावा की ‘टोनी’?

घरच्यांबरोबर बघायला एखादा हसता हसता गलबलून टाकणारा जर्मन सिनेमा सांग, असं कुणी म्हटलं की माझ्याकडे दोनच नावं असतात. वोल्फगांग बेकरचा ‘गुड बाय, लेनिन!’ (२००३) आणि मारेन आडेचा ‘टोनी एर्डमान’ (२०१६). कथा साधारण ठाऊक असेलच. पहिल्यात मुलगा आजारी आईपासून चक्क बर्लिनची भिंत पडल्याचं लपवतो. दुसऱ्यात बाप विग आणि खोटे दात लावून बुखारेस्टमधल्या मुलीच्या कामात जाऊन उभा राहतो. दोन्हीकडे सोंगच, फक्त पिढी उलटी.

‘लेनिन’ लगेच पकड घेतो. आई कोमातून उठते तोवर पूर्व जर्मनीचा कारभार आटोपत आलेला असतो, आणि तिला धक्का बसू नये म्हणून आलेक्स ७९ चौरस मीटरांच्या फ्लॅटमध्ये तो देश चालू ठेवतो. जुन्या बरण्या हुडकून त्यांत नव्या दुकानातल्या खारवलेल्या काकड्या भरायच्या. खिडकीतून कोका-कोलाचा फलक दिसला, तर मित्राकडून खोट्या बातम्या तयार करून घ्यायच्या की हे पेय मुळात आपलंच. माझ्या आईला यातलं काही समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या थोरल्या आत्याला तिचा भाऊ गेल्याचं चार महिने कळू दिलं नव्हतं. रोज कुणीतरी ‘तो बरा आहे’ म्हणून सांगायचं. आई सिनेमा बघता बघता एकदम म्हणाली, “आपण निदान बातम्या तरी नव्हत्या बनवल्या.”

मग अडलं कुठे? आलेक्सच्या निवेदनात. तो बोलतच राहतो. पडद्यावर जे दिसतंय तेच पुन्हा सांगतो, आणि मधूनच त्याचा अर्थही लावून देतो. जर्मन चांगलं येणाऱ्याला याचा त्रास होणार नाही कदाचित. पण माझं जर्मन पुण्यात मॅक्सम्युलर भवनात दोन वर्षं काढली तेवढंच. म्हणजे सबटायटल्स लागतातच. निवेदन सुरू झालं की नजर खालच्या ओळीला चिकटते, आणि या सिनेमाची सगळी मजा तर वर, त्या खोलीत: बरण्यांवरची लेबलं, पडदे, जुनं फर्निचर. आईला वाचायला वेळ लागायचा, मी सिनेमा थांबवायचो, ती “हं” म्हणायची, मी पुन्हा चालू करायचो. तिसऱ्यांदा बघताना मी सबटायटल्स बंदच केली, आणि अर्ध्या गोष्टी तेव्हा पहिल्यांदा दिसल्या. यान तिएर्सेनचा पियानोही सुंदर आहे, पण कुठे गहिवरायचं ते जरा आधीच सांगून ठेवतो.

‘टोनी’त निवेदन नाही, पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. दोष मात्र आहेत, आणि लहान नाहीत. लांबी १६२ मिनिटं. मी आणि बायकोने तो दोन रात्रींत मिळून संपवला. सुरुवातीचा बराच भाग मुलीच्या कन्सल्टिंगच्या कामात, तेल कंपनीतली कामं बाहेर देऊन माणसं कमी करण्याच्या बोलण्यात जातो. शिवाय शेवटाकडे वाढदिवसाच्या पार्टीचा तो प्रसंग, ज्यात ती मुलगी, इनेस, कपड्यांशिवायच दार उघडते. सासू-सासरे हॉलमध्ये असतील तर हा सिनेमा लावू नका, एवढं मी हात जोडून सांगतो.

पण ज्या विनोदावर मी सगळ्यात जास्त हसलो तो इथलाच. आणि तो वाचावा लागला नाही, बघावा लागला. लेकीला वेळ नाही म्हणून आपण भाड्याने दुसरी मुलगी ठेवली आहे, असं हा बाप तिच्या बड्या क्लायंटला गंभीरपणे सांगतो. शेजारी ती उभी. झांड्रा ह्युलरच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते सबटायटलमध्ये मावणारं नव्हतं. पेटर सिमोनिशेकचे ते दात दिसले की पोटात गोळा येतो: आता हा काय बोलणार? आणि बऱ्याचदा तो काहीच बोलत नाही. बल्गेरियातल्या कुकेरी या लोकपरंपरेतल्या केसाळ वेषात बाप येतो, तेव्हा पडद्यावर अक्षरसुद्धा उमटत नाही. बायको तिथे रडली. मी पाणी आणायला उठलो.

आता कुणी म्हणेल, ‘टोनी’त गोष्टच फारशी घडत नाही. कबूल. ‘लेनिन’चा आराखडा जास्त घट्ट आहे, आणि आईने स्वतः दडवलेली गोष्ट बाहेर येते ती जागा लाजवाब आहे. घरात तीन पिढ्या असतील, किंवा कुणी पहिल्यांदाच जर्मन सिनेमा बघणार असेल, तर तोच लावा, फसणार नाही. मात्र मुलं मोठी होऊन दुसऱ्या शहरात गेली असतील, आणि फोनवर ‘जेवलीस का’च्या पुढे बोलणं सरकत नसेल, तर दोन रात्री मोकळ्या ठेवायला हरकत नाही.

आमची लेक बेंगळुरूला असते. मी तिला ‘टोनी’ बघायला सांगितला. आठवड्याने तिचा मेसेज आला: “बघितला. बाबा, इकडे यायचं असेल तर आधी कळवा.” खाली दातांचं एक चित्र.