गोव्यात सामायिक बागेचे संकुल: भूमध्यसागरी आराखडा की राजांगण?

गोव्यात सामायिक बागेभोवती दहा-पंधरा घरे बांधू पाहणाऱ्या जमीनमालकापुढे बहुधा दोन आराखडे येतात. एकात भूमध्यसागरी धर्तीच्या पांढऱ्या भिंती, कमानी आणि सपाट गच्च्या असतात; दुसऱ्यात चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, उतरती कौले आणि तुळशीवृंदावनासह राजांगण, म्हणजे घराच्या मधोमध असलेले उघडे अंगण, असते. अंगण दोन्हींत आहे, परंतु त्याचे काम हवामानाप्रमाणे बदलते.

स्पेनमधील कॉर्दोबा शहरात अनेक कुटुंबे एकाच अंगणाभोवती राहत आली आहेत आणि तेथील अंगणांच्या उत्सवाला २०१२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. तेथील उन्हाळा कोरडा असल्याने बंदिस्त अंगणात रात्रीचा गारवा टिकतो आणि कारंज्याच्या पाण्याची वाफ होताना हवा आणखी थंड होते. गोव्याच्या दमट हवेत हे घडत नाही. चारही बाजूंनी कोंडलेल्या अंगणात एप्रिल-मे महिन्यांत घुसमट होते, कारण येथे गारवा मिळतो तो वाहत्या वाऱ्याने. म्हणून कारंज्यावरील खर्च वाचवून तळमजल्यावर पूर्व-पश्चिम रुंद मोकळ्या वाटा ठेवाव्यात, असे मी आग्रहाने सुचवीन.

पावसाचा प्रश्न त्याहून निर्णायक आहे. कॉर्दोबात वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर गोव्यात सुमारे ३,००० मिलिमीटर, आणि तोही मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर २०० चौरस मीटरच्या अंगणात २०,००० लिटर पाणी उतरते. छपरांवरचे पाणी वेगळेच. पाण्याच्या निचऱ्याचा नकाशा हाती आल्याशिवाय बागेच्या नकाशाला मान्यता देऊ नये. वळचणीविना उभ्या पांढऱ्या भिंतीवर शेवाळ धरते. उघडा चिराही पाणी शोषतो. जुन्या घरांच्या भिंतींना पावसाळ्यापूर्वी झावळ्यांचे झाप बांधतात, ते याचसाठी. त्यामुळे छपराबाबत माझा कौल नि:संशय उतरत्या कौलांना आणि खोल वळचणीला आहे.

झाडांबाबत फार विचार नको: ऑलिव्हला फुलण्यासाठी हिवाळ्याची थंडी लागते, लॅव्हेंडरची मुळे ओलीत कुजतात, बकुळ, चाफा आणि भिरंड (कोकम) मात्र येथे सहज वाढतात.

थोडक्यात, अनेक घरांनी वाटून घेतलेले अंगण कॉर्दोबाकडून घ्यावे आणि छप्पर गोव्याचे ठेवावे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार सामायिक जागा रहिवाशांच्या संस्थेकडे हस्तांतरित करावी लागते. तेव्हा बाग, विहीर आणि गटारे यांची नोंद करारनाम्यात नावानिशी करून घ्यावी.