मुलुंडचं मेंदू-पुनर्वसन केंद्र: साडेतीन स्टार

केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खाली तक्रारीही आहेत, आणि मला अजून आठवड्यातून दोनदा तिथेच जायचंय.

आधी मी कसा पोचलो ते. फोर्टहून भांडुपला घरी यायला कॅब केली, मागे बसलो, बेल्ट लावला नाही. फ्रीवेवर गाडी पुढच्या टेम्पोवर आदळली. हे सगळं मला सांगितलेलं; मला आठवतं ते दार लावल्याचं, आणि त्यानंतर थेट हॉस्पिटलातली थंडगार इडली. मधले एकोणीस दिवस कोरे. गंमत म्हणजे २०२२ च्या सप्टेंबरात उद्योगपती सायरस मिस्त्री गाडीच्या अपघातात गेले, मागे बसलेले, बेल्ट न लावता, तेव्हा मागच्या सीटच्या बेल्टवर ऑफिसात सगळ्यात लांब भाषण मीच दिलं होतं. नोव्हेंबरपासून मुंबईत मागेही बेल्ट सक्तीचा झाला. महिनाभर लावला, मग सुटला.

फाइलमध्ये ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे माणूस किती शुद्धीवर आहे त्याचे गुण, १० लिहिलंय, १५ पैकी. म्हणजे मेंदूला मध्यम इजा. कवटीला फ्रॅक्चर नाही, टाके फक्त चार. त्यामुळे घरी आल्यावर चाळीतला प्रत्येक जण म्हणायचा, 'अरे, तू तर ठणठणीत दिसतोस!' दिसत होतोच. पण चपला घालून दारात उभा राहायचो आणि कुठे निघालोय ते आठवायचं नाही.

केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी पहिल्या दिवशी एमआरआय समोर धरून समजावलं. गाडी थांबते, डोकं थांबतं, मेंदू मात्र आत पुढे जातच राहतो. कपाळामागचा भाग कवटीच्या आतल्या खडबडीत हाडावर घासतो, आणि मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात, काही तुटतात. हे तुटणं साध्या सीटी स्कॅनमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही. इतके दिवस 'सीटी तर बरा आहे' हे वाक्य ऐकून मला वाटत होतं की मीच नाटकं करतोय. त्या अर्ध्या तासाचे पैसे तिथेच वसूल झाले.

स्पीच थेरपी लिहून दिली तेव्हा मी वैतागलो. बोलता तर येतंय! थेरपिस्ट मुलगी म्हणाली, 'काका, एका मिनिटात येतील तेवढे प्राणी सांगा.' गाय, म्हैस, कुत्रा, मांजर. मग शांतता. मग पुन्हा कुत्रा. चौपन्न वर्षांचा माणूस, राणीच्या बागेत निदान वीसदा गेलेला, आणि हत्ती आठवेना. त्यानंतर मी वाद घातला नाही.

खरी कमाल ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवतात त्याची. तिथे एक छोटं स्वयंपाकघर आहे: दोन शेगड्या, डबे, चाळीस वर्षांपूर्वीचं वाटावं असं पातेलं. 'दोन कप चहा करा, मध्ये फोन वाजला तर घ्या.' फोन वाजला, मी घेतला, निरोप लिहून ठेवला, आणि शाबासकीसाठी मागे बघितलं. थेरपिस्ट शेगडीकडे बघत होती. दूध उतू जाऊन बर्नरवर काळं झालं होतं. 'वास नाही आला?' नाही आला. तेव्हा कळलं की माझा वासच गेलाय. नाकाच्या छताशी जे बारीक मज्जातंतू असतात ते अशा धक्क्यात तुटतात. कधी भरून येतात, कधी नाही. हॉस्पिटलात हे कुणी विचारलंच नव्हतं. त्याच संध्याकाळी आम्ही घरात गॅसगळतीचा अलार्म बसवला.

दुसरा धडा मुलुंड स्टेशनावर. थेरपिस्ट मला पुलावर घेऊन गेली आणि इंडिकेटर वाचायला लावला. गाडी कुठली, फास्ट की स्लो, किती डब्यांची, आणि कुठल्या प्लॅटफॉर्मला. तीस वर्षं हे मी वडापाव खाता खाता वाचत आलोय. त्या दिवशी चौथी गोष्ट वाचेपर्यंत पहिली पुसली जायची, आणि वरून अनाउन्समेंट. तिने खिशातली वही काढायला लावली. आता लिहून घेतो. सहा आठवड्यांनी एकटा भांडुपला आलो. स्लोने, पण आलो.

बायकोसाठी वेगळं सेशन ठेवतात, हे मला फार पटलं. मी एकदा टीव्हीचा रिमोट भिंतीवर फेकला होता. सायकॉलॉजिस्टने तिला सांगितलं की रागाचा ब्रेक कपाळामागे असतो आणि तोच ढिला झालाय. ती बाहेर येऊन म्हणाली, 'अहो, ब्रेक दुरुस्त होईपर्यंत रिमोट माझ्याकडे.'

आता तक्रारी. वेटिंग रूममध्ये टीव्ही मोठ्याने चालू. अहो, इथे येणाऱ्यांपैकी निम्म्यांना आवाज आणि ट्यूबलाइट सहन होत नाही! दोनदा सांगितलं, दोनदा हसून 'हो काका'. माझी थेरपिस्ट चार महिन्यांत दोनदा बदलली. नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगायचं, तेही आमच्यासारख्यांनी. आणि पावत्या. एका सेशनचे बाराशे घेतात आणि हातात चिठ्ठी देतात. अपघाताच्या क्लेमसाठी वकिलांना नाव, तारीख, शिक्का असलेलं बिल लागतं. आधीच्या चिठ्ठ्या बदलून घ्यायला तीन खेपा झाल्या. माझ्या मेडिक्लेममध्ये थेरपी बसत नाही, म्हणून पावती पहिल्या दिवसापासून नीट मागा. खर्च झेपणार नसेल तर हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथे आधी चौकशी करा.

केंद्र पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, पण लिफ्टच्या आधी तीन पायऱ्या. मी 'दुसरा मजला, चार पायऱ्या' असं लिहिलं होतं. बायकोने वाचून दुरुस्त केलं.