'कपोटी' की 'इन्फेमस': आधी कोणता बघायचा?

नोव्हेंबर 1959. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात होलकम नावाच्या छोट्या गावात क्लटर कुटुंबातल्या चौघांचा त्यांच्याच घरात खून झाला. घरात तिजोरी आहे, अशा ऐकीव माहितीवर आलेल्या दोघांच्या हाती 50 डॉलरही लागले नाहीत. न्यूयॉर्कमध्ये ही बातमी वाचून लेखक ट्रुमन कपोटी तिथं गेला. सोबत होती बालमैत्रीण हार्पर ली. तिची पहिली कादंबरी तेव्हा छापून यायची होती. पुढं आरोपी पेरी स्मिथशी कपोटीची जवळीक झाली, 1965 मध्ये दोन्ही खुन्यांना फाशी झाली आणि 1966 च्या जानेवारीत या खुनांवरचं कपोटीचं 'इन कोल्ड ब्लड' (म्हणजे 'थंड डोक्यानं') पुस्तकरूपात आलं.

याच काळावर वर्षभराच्या अंतरानं दोन सिनेमे आले. 2005 चा 'कपोटी' बेनेट मिलरचा, 2006 चा 'इन्फेमस' डग्लस मॅकग्राथचा. एकाच संध्याकाळचा वेळ असेल तर माझं उत्तर सरळ आहे: 'कपोटी' बघा.

कारण तो एका प्रश्नाला शेवटपर्यंत सोडत नाही. फाशी होईपर्यंत पुस्तकाला शेवट नाही. म्हणजे ज्या माणसाला लेखक जीव लावतोय, त्याच्याच मरणाची तो वाटही बघतोय. आधी अपिलासाठी चांगला वकील मिळवून देणारा कपोटी पुढं पेरीची पत्रं टाळायला लागतो. पुस्तकाचं नाव काय, असं पेरी विचारतो तेव्हा तो तोंडावर खोटं बोलतो. न्यूयॉर्कमध्ये तर 'इन कोल्ड ब्लड' याच नावानं जाहीर वाचन झालेलं असतं. हा प्रसंग मला दर वेळी अस्वस्थ करतो. कुणाच्या दुःखावर ज्यानं कधी चार ओळी लिहिल्या असतील, त्याला तो जास्तच बोचेल. फिलिप सीमूर हॉफमन अंगानं कपोटीपेक्षा बराच थोराड, पण तो पातळ, अनुनासिक आवाज आणि बोलता बोलता थबकणं असं काही जमलंय की दहा मिनिटांत अंगकाठी विसरायला होते. त्याला यासाठी ऑस्कर मिळालं, ते अगदी योग्य. सुरुवातीचा आगगाडीचा प्रसंग नीट बघा. डब्यातल्या हमालाला पैसे देऊन कपोटी स्वतःचं कौतुक करून घेतो आणि हार्पर ली ते लगेच ओळखते. या माणसाला काय हवंय, ते तिथंच कळतं.

'इन्फेमस'ची तऱ्हा निराळी. त्यात न्यूयॉर्कच्या श्रीमंत मैत्रिणी आहेत, गप्पा आहेत, हशा आहे. ओळखीचे लोक कॅमेऱ्याकडे बघत कपोटीविषयी बोलतात. जॉर्ज प्लिम्प्टननं मुलाखतींतून रचलेल्या चरित्रावर तो बेतलाय, त्यामुळं ही पद्धत शोभतेही. टोबी जोन्स दिसायला हॉफमनपेक्षा कितीतरी अस्सल कपोटी वाटतो, आणि लोकांना या माणसाचं वेड का लागायचं ते इथंच पटतं. सँड्रा बुलकची हार्पर ली तर मला 'कपोटी'तल्या कॅथरिन कीनरच्या तोडीची वाटली.

अडचण तुरुंगात येते. पेरी झालेला डॅनियल क्रेग ताकदीचा नट, पण खरा पेरी बुटका आणि आतून मोडलेला होता. क्रेगकडे बघताना तो मोडकेपणा जाणवत नाही, धाक जाणवतो. शिवाय कपोटी आणि पेरीमधलं प्रेम हा सिनेमा उघड चुंबनापर्यंत नेतो. त्याला ठोस पुरावा नाही. 'कपोटी'तला पेरी, क्लिफ्टन कॉलिन्स ज्युनियर, नुसत्या नजरेनं जे सुचवतो, ते मला जास्त खरं वाटतं.

संथ सिनेमा सोसवत नसेल तर मात्र 'इन्फेमस'च घ्या. 'कपोटी'त ओसाड माळ आणि लांबलचक शांतता आहे, दिवसभर दमून बसाल तर डोळा लागेल.

दोन संध्याकाळी मोकळ्या असतील तर क्रम उलटा करा. आधी 'इन्फेमस' बघून त्या बोलघेवड्या माणसावर जीव जडू द्या, मग दुसऱ्या दिवशी 'कपोटी' लावा.