पाटीवर ग्लासगो, खाली पिठाची गिरणी

गेल्या सोमवारी जबलपूरहून मावसभावाने एक फोटो पाठवला. "तुला जुन्या मशिनींचा नाद आहे ना? बघ, बोटीचं इंजिन मिळतंय." हिरवा रंग मारलेलं इंजिन आणि त्यावर पितळी पाटी. मी फोटो मोठा करून पाटीचा खालचा डावा कोपरा बघितला आणि दुकानात गिऱ्हाईक उभं असतानाच त्याला फोन लावला. "पैसे दिलेस का?" नव्हते दिले. तो कोपरा मला का पाठ आहे, ते लिहितो.

नागपुरातल्या महाल भागात माझं स्टेशनरीचं दुकान आहे. भिंतीवरची चावीची घड्याळं, दोन ग्रामोफोन, रॉकेलवर चालणारा एक पंखा असं घरात जमवलेलं आहे. शिक्षण बी.कॉम. मशिनीतलं जे कळतं ते व्हिडिओ बघून. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे "एवढंही कळलं नाही का?" असं विचारायचे कष्ट वाचतील.

दिवाळीनंतर एका जुन्या वस्तूवाल्याचा मेसेज आला. त्याच्याकडून आधी एक घड्याळ घेतलं होतं, ते चांगलं निघालं होतं. तो म्हणाला, कामठी रोडवरच्या गोदामात एक चीज आली आहे. कामठीच्या छावणीतल्या कुण्या गोऱ्या साहेबाची लाँच कन्हान नदीत चालायची, तिचं इंजिन. छावणी १८२१ ची, नदी काठाला, साहेब तर होतेच. गोष्ट जुळत होती. उन्हाळ्यात कन्हानेत म्हैस बसली तरी पाठ कोरडी राहते, तिथे लाँच कुठे फिरवत असतील, हा प्रश्न मला पडला नाही.

गोदामात कंदिलाएवढ्या उजेडात ते उभं होतं. एक सिलिंडर, एका बाजूला भलंमोठं चाक, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्स. "हा रिव्हर्स गिअर, बोट मागे घ्यायला." पाण्याचा पितळी पंप. आणि पाटी: वर मोठ्या अक्षरांत केल्विन, खाली बर्गियस लाँच अँड इंजिन कंपनी, ग्लासगो, त्याखाली नंबर. किंमत १,८५,०००. केरळचा एक माणूस परदेशी पार्टीसाठी नऊ लाख द्यायला तयार आहे, पण "तुम्ही आपले नागपूरचे".

मी लगेच हो म्हटलं नाही. तीन रात्री अभ्यास केला आणि त्या अभ्यासानेच मला बुडवलं.

कारण जे शोधलं ते सगळं खरं निघालं. ग्लासगोत वॉल्टर बर्गियस यांनी १९०४ मध्ये मोटारींची कंपनी काढली होती. मोटारी खपेनात, तेव्हा १९०६ मध्ये मोटारीचं इंजिन एका होडीत बसवून बघितलं, ते जमलं, आणि कंपनी बोटींच्या इंजिनांकडे वळली. स्कॉटलंडच्या मच्छीमार बोटींमध्ये केल्विन इंजिनं ढिगाने बसली. सुरू पेट्रोलवर करायची आणि गरम झाली की रॉकेलवर चालवायची. हे वाचताना माझे हात थंड पडले होते. मग नेटवर एका केल्विनच्या पाटीचा फोटो सापडला. तीच अक्षरं, तोच गोल कोपरा, शब्द तसेच्या तसे. इंजिनाच्या अंगावर बिडातून (ओतीव लोखंडातून) उठून आलेला '१२' हा आकडाही होता. मी ठरवून टाकलं, १९१२ चं आहे.

टोकन म्हणून २५,००० फोनवरून पाठवले, ते त्याने सांगितलेल्या भलत्याच कुणाच्या खात्यावर. बाकीचे रोख. टेम्पो, चार हमाल, अंगणातली तुळस अर्धा फूट सरकवली. बायको म्हणाली, "बोट कधी येणार आहे?"

अठरा दिवसांनी मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले ओळखीचे मिस्त्रीकाका आले. मी त्यांना इंजिन दाखवायला नव्हे, कौतुक ऐकायला बोलावलं होतं. त्यांनी पाटीकडे बघितलंच नाही. खाली वाकून इंजिनाचे पाय बघितले.

"भाऊ, हे बोटीत बसवणार कसं?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी समजावलं. बोटीत इंजिन दोन लांब लाकडी तुळयांवर बसतं. त्यासाठी अंगाच्या दोन्ही बाजूंनी, मधल्या उंचीवर, कान काढलेले असतात, म्हणजे खालचा भाग तुळयांच्या मध्ये उतरतो. आमच्या इंजिनाला तळाशी चार पाय होते, सिमेंटच्या ओट्यावर बोल्टाने आवळायचे. मग त्यांनी इंजिनाच्या डोक्यावरून हात फिरवला. "हे पेट्रोल-रॉकेलचं ना? मग प्लगचं भोक कुठंय?" नव्हतं. पेट्रोल-रॉकेल पेटवायला ठिणगीचा प्लग लागतो, डिझेलला लागत नाही. तिथे डिझेल फवारणारं नॉझल होतं आणि बाजूला फ्यूल पंप. विकणाऱ्याने मला सांगितलं होतं, पंप नंतर कुणीतरी बदलला. पंप बदलता येतो हो, पण प्लगचं भोक कुणी बुजवून बिडाचं नवं हेड ओतत नाही. मी नंतर वाचलं की बॉश कंपनीने डिझेलचे असे पंप कारखान्यात मोठ्या संख्येने काढायला सुरुवात केली ती १९२७ मध्ये. माझं १९१२ तिथेच संपलं.

गिअरबॉक्स बघून तर ते हसलेच. बोटीचा पंखा पाणी मागे ढकलतो, तेव्हा तेवढाच रेटा शाफ्टवरून उलटा इंजिनाकडे येतो. तो झेलायला बोटीच्या गिअरबॉक्समध्ये वेगळं थ्रस्ट बेअरिंग असतं. हा डबा कुठल्यातरी टेम्पोचा होता. तो ज्या प्लेटने जोडला होता तिच्या बोल्टांना काकांचा १९ नंबरचा पाना अचूक बसला. त्या काळच्या ब्रिटिश अर्ध्या इंची बोल्टाला हा पाना चढतच नाही, त्याचं डोकं याहून मोठं. एक बोल्ट काढून त्यांनी आट्यांचं गेज लावलं. ब्रिटिश असता तर इंचाला १२ आटे भरले असते. हा साधा मिलिमीटरचा, हार्डवेअरच्या दुकानातला.

"आणि हा आकडा?" मी १२ दाखवला.

"फर्म्याचा नंबर होय तो. ओतताना येते. साल नोहे."

हे त्या सगळ्यात महत्त्वाचं. बिडातून उठलेला आकडा साच्याचा असतो, एकाच साच्यातून शेकडो नग निघतात. नगाचा स्वतःचा नंबर पाटीवर किंवा घासून सपाट केलेल्या जागेवर ठोकलेला असतो. मी नेमकं उलटं धरलं होतं.

इंजिन निघालं राजकोटी. इंग्लंडमधल्या डर्स्लीच्या लिस्टर कंपनीचं संथ चालणारं डिझेल इंजिन, सहा हॉर्सपॉवर, मिनिटाला ६५० फेरे, त्याच्या नकला राजकोटला वर्षानुवर्षं बनल्या. गिरणीवर, विहिरीवर, गुऱ्हाळात तीच टुकटुकायची. त्याला दोन चाकं असतात. एक काढून तिथे डबा लावला की माझ्यासारख्याला बोट दिसते.

"तुम्ही पाटी वाचून राहिले," काका म्हणाले, "लोखंड कोणी वाचलंच नाही."

पाटी त्या रात्री मी काढली. मागे नवे कोरे स्क्रू, भोकांत ताजा बुरा. नेटवरचा फोटो पुन्हा उघडून शेजारी धरली. त्या फोटोतल्या पाटीवर खालच्या डाव्या कोपऱ्यात एक ओरखडा आहे, स्वल्पविरामासारखा वाकडा. माझ्या पाटीवरही तो होता. पण हा पडलेला ओरखडा नव्हता. त्याच्या कडा अक्षरांइतक्याच साफ, आणि आत अक्षरांतला काळा रंग भरलेला. फोटोवरून पाटी कोरून घेताना मशिनने ओरखडाही इमानदारीने कोरला होता. म्हणजे मी तीन रात्री ज्या फोटोशी पाटी ताडून बघितली, त्याच फोटोतून ती जन्मली होती. जुळणार नाही तर काय!

विकणाऱ्याचा फोन बंद. चॅटमध्ये त्याने २४ तासांत मेसेज पुसले जातील अशी सोय करून ठेवली होती, मला वाटलं होतं फोनची जागा वाचवतो आहे. पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा साहेबांनी बिल मागितलं. बिलावर लिहिलं होतं: जुनं लोखंड भंगार, ४१२ किलो. सोबत काट्याची पावती. मी ते घेताना वाचलं होतं आणि "टॅक्स वाचवायला" या त्याच्या स्पष्टीकरणावर डोळा मारून हसलोही होतो. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, पण विकताना त्याने काय सांगितलं याचा कागद माझ्याकडे एकही नाही. अर्ज दिला आहे. फोनवरून गेलेल्या पैशांसाठी १९३० हा हेल्पलाइन नंबर आहे, पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम अडवता येऊ शकते. मी एकोणिसाव्या दिवशी कळवलं.

नऊ लाखांच्या परदेशी पार्टीचंही सांगून टाकतो. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्याखाली पुरावस्तू ठरली, तर खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवताच येत नाही. म्हणजे इंजिन खरोखर १९१२ चं असतं, तर ती पार्टीच आधी अडचणीत आली असती.

टेम्पोचा डबा भंगारात ९०० रुपयांना गेला. मिस्त्रीकाकांनी उमरेडकडून जोडीचं दुसरं चाक शोधलं आहे, तीन हजार म्हणतात. ते बसवून इंजिन एका शेतकऱ्याच्या विहिरीवर द्यायचं ठरतंय. पाटी मी ठेवली आहे. कुणाला असं काही दाखवलं जात असेल तर सांगा, ओरखड्याचा फोटो पाठवतो.