मिशिगन स्टेडियम: पाच सामने, चार जागा

अ‍ॅन आर्बरपासून गाडीनं अर्ध्या तासावर राहूनही नऊ वर्षं मी तिथल्या मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे सामने टीव्हीवरच बघत आलो. २०२३ च्या हंगामात ठरवलं, आता प्रत्यक्ष जायचं. घरच्या मैदानावर सात सामने होते, त्यांतले पाच पाहिले आणि शेवटचा सोडून मुद्दाम दर वेळी वेगळ्या जागेवरून. हंगामी पास न घेता सुटी तिकिटं घेतली ती त्यासाठीच. पहिल्यांदा जाणाऱ्यांना तिकीट काढण्याआधी हे कळावं, म्हणून लिहितोय.

आधी मैदानाची रचना. १९२७ साली उघडलेलं हे स्टेडियम म्हणजे जमिनीत खोदलेली एक मोठी परात. बाहेरून उंची जाणवतच नाही. आत शिरलात की मैदान एकदम खोल, पायाखाली दिसतं. क्षमता १,०७,६०१. १९७५ पासून, कोविडचं २०२० साल सोडलं, तर इथं एक लाखापेक्षा कमी माणसं कधी आलेली नाहीत. क्लबच्या महागड्या जागा सोडल्या तर बाकी सगळे अ‍ॅल्युमिनियमचे लांबच लांब बाक, त्यावर रंगवलेले आकडे. एका आकड्याला जेमतेम दीड फूट. थंडीत जाड जाकिटं घातलेली माणसं आली की तेवढंही राहत नाही.

२ सप्टेंबरला ईस्ट कॅरोलायनाविरुद्ध मी आणि बायको नवव्या रांगेत होतो, मैदानाच्या मध्यरेषेसमोर. खेळाडू हाताच्या अंतरावर, या हौसेनं घेतलेलं हे तिकीट मला पुढच्या दोन तिकिटांच्या एकत्र किमतीपेक्षा महाग पडलं. विकणाऱ्यांनी तेव्हा शुल्क शेवटच्या पानावर जोडलं होतं, त्यामुळे शुल्क धरून होणारी किंमत बघा. मिशिगनचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास देणारा मुख्य खेळाडू मॅकार्थी यानं रोमन विल्सनला तीन टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) दिले, त्यातला एक मला दिसला. उरलेले दोन पडद्यावर पाहिले. कारण साधं आहे. परातीचा उतार खालच्या भागात मंद आहे आणि साइडलाइनवर (मैदानाच्या कडेला) संघाचे सगळे राखीव खेळाडू उभे असतात. त्यांच्या पाठी आणि शिरस्त्राणं हाच आमचा सामना. हेल्मेटवर हेल्मेट आदळल्याचा आवाज मात्र तिथून जसा येतो तसा दुसरीकडून येत नाही, आणि तो मला अजून आठवतो. पण वीसच्या खालची रांग मी पुन्हा घेणार नाही.

पुढच्या शनिवारी युएनएलव्हीविरुद्ध (लास व्हेगासचं नेवाडा विद्यापीठ) दुपारी साडेतीनचा सामना, जागा पूर्वेकडे, रांग चाळिशीतली. रांग उत्तम होती, बाजू चुकली. मैदान उत्तर-दक्षिण आहे, म्हणजे पूर्वेला बसणाऱ्याच्या डोळ्यांत मावळतीचं ऊन. दुसऱ्या अर्ध्यात मी कपाळावर हात धरूनच बसलो होतो. दुपारच्या सामन्याला पश्चिमेची बाजू घ्या. सूर्य पाठीमागे राहतो आणि वरच्या रांगांवर उशिरा इमारतीची सावलीही येते.

मग कोल्हापूरहून आबा आले. आबांचं अर्ध आयुष्य शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर गेलंय. पाटाकडील आणि दिलबहार या तिथल्या फुटबॉल संघांचा सामना असला की दुकान बंद. हा फुटबॉल वेगळा, हातानं खेळतात, हे मी गाडीत समजावत होतो. त्यांनी एवढंच विचारलं, "गोलाच्या मागं उंचावर जागा मिळंल का? कोण मोकळा हाय ते तिथनंच दिसतंय." २३ सप्टेंबरला रटगर्सविरुद्ध त्यांच्यासाठी दक्षिणेच्या एंड झोनमागं (मैदानाच्या टोकाचा, चेंडू नेऊन गुण मिळवायचा पट्टा), वरच्या रांगांतली स्वस्त तिकिटं काढली.

आणि मला पहिल्यांदा हा खेळ दिसला. टीव्हीचा कॅमेरा बाजूनं असतो, त्यात पाच लाइनमन, म्हणजे समोरच्यांना अडवून वाट करून देणारे खेळाडू, एकमेकांमागं लपतात. मागून आणि उंचावरून बघितलं की ते पाचही एका ओळीत दिसतात. स्नॅप झाला, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू झाला, की कुठल्या दोघांमध्ये फट पडतेय, धावणारा ती कधी हेरतोय, पास झेलणारा दूरचा रिसीव्हर कुठं वळतोय, सगळं एका नजरेत येतं. त्या दिवशी मिशिगनच्या माइक सेनरिस्टिलनं रटगर्सचा पास मधेच झेलून चेंडू ७१ यार्ड पळत नेला. आबा तो झेलण्याआधीच उठून उभे राहिले होते. "त्यो आधीच तिकडं सरकला हुता," म्हणाले.

या जागेची उणीवही सांगतो. किती यार्ड मिळाले, म्हणजे चेंडू किती पुढे सरकला, ते मागून कळत नाही, त्यासाठी पडदाच बघावा लागतो. २०२३ मध्ये दोन्ही टोकांना नवे मोठे पडदे बसवलेत, त्यामुळे हे निभतं. खेळ पलीकडच्या टोकाला गेला की शंभर यार्डांचं अंतर पडतं, म्हणून गळ्यात दुर्बीण हवी. वयस्कर माणूस बरोबर असेल तर वरची रांग आणखी एका कारणासाठी घ्या. खालची रांग म्हणजे सामना संपल्यावर गर्दीतून उभा चढ.

४ नोव्हेंबरला पर्ड्यूविरुद्ध रात्रीचा सामना पश्चिमेकडून, उंचावरून पाहिला. यार्डांचा हिशेब इथून नीट लागतो. एंड झोनखालोखाल हीच जागा माझ्या पसंतीची. अडचण फक्त थंडीची होती. अ‍ॅल्युमिनियम अंगातली ऊब शोषून घेतं, आणि जाहिरातींच्या विश्रांतींमुळे साठ मिनिटांचा खेळ साडेतीन तास चालतो. कुशन पुरलं नाही. ओहायो स्टेटच्या सामन्याला आबांनी आईनं शिवलेली गोधडी घडी करून बाकावर अंथरली, कानटोपी घातली आणि पायांखाली पुठ्ठा ठेवला. पुठ्ठ्यानं सगळ्यात जास्त फरक पडला.

विद्यार्थ्यांचा भाग उत्तरेकडच्या कोपऱ्यात आहे. तिथं सगळे पूर्ण वेळ उभे असतात. त्या भागाजवळची जागा घेताना तेवढं लक्षात असू द्या.

२५ नोव्हेंबर, मिशिगनचा कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेट. तिकिटाला वर्षाच्या सहलीचे पैसे गेले, त्याचं मला जराही दुःख नाही. पुन्हा एंड झोनमागं, उंचावर. १७-१७ अशी बरोबरी असताना मिशिगनचा लाइनमन झॅक झिंटरचा पाय मोडला. लाखभर माणसांत इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. त्याला गाडीवरून नेलं, आणि लगेच पुढच्याच चालीत चेंडू घेऊन धावणारा ब्लेक कोरम २२ यार्ड पळून एंड झोनमध्ये गेला. ती फट उघडताना आम्हाला वरून स्पष्ट दिसली. कोरमनं बोटांनी सहा आणि पाच दाखवले, झिंटरचा ६५ क्रमांक. आबांना अर्थ विचारावा लागला नाही, ते डोळे पुसत होते.

शेवटच्या मिनिटात मिशिगनच्या रॉड मूरनं ओहायो स्टेटचा पास मधेच झेलला, मिशिगन ३०-२४ नं जिंकलं आणि पोरं मैदानात उतरली. आम्ही अर्धा तास तिथंच बसून राहिलो. गोल्फ कोर्सवरच्या पार्किंगमधून गाडी तशीही लगेच निघत नाही. मग आबांनी गोधडीची घडी केली, पुठ्ठा काखेत घेतला आणि आम्ही चार पायऱ्या चढून बाहेर आलो.